रोगजंतूंवर उपकारक जिवाणूंचा उतारा : प्रयोगशाळेतील प्राण्यांची साक्ष

(पशुवैद्यकीय अधिकारी, विस्तार कर्मचारी व कुक्कुटपालक यांच्यासाठी खात्याने भरविलेल्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आपल्या दवाखान्यांत येणारे पशुपालक अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात : "डॉक्टर, जिवंत जंतूंची ती पावडर पिल्लांना पाण्यातून दिली तर चालेल ना? मग दुसरे औषध लागणार नाही, असे विकणारा सांगतो." डब्यावर 'प्रोबायोटिक' हे नाव असते आणि सोबतच्या पत्रकात उंदरांवरील यशस्वी प्रयोगांचा उल्लेख असतो. या प्रश्नाला सरसकट 'होय' म्हणणे जितके चुकीचे, तितकेच सरसकट 'नाही' म्हणणेही चुकीचे ठरेल. चुकीच्या 'होय'मुळे एखाद्याचा सबंध कळप हातचा जाऊ शकतो. चुकीच्या 'नाही'मुळे प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर आहे तसाच चालू राहतो. म्हणून प्रयोगशाळेतील प्राण्यांवर या विषयात प्रत्यक्ष काय आढळले आणि त्यावरून आपण कोठवर अनुमान काढू शकतो, हे आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. लिली आणि स्टिलवेल या संशोधकांनी १९६५ साली 'प्रोबायोटिक' हा शब्द वापरला, तो एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या आणि दुसऱ्याच्या वाढीस पोषक ठरणाऱ्या द्रव्यांसाठी. पुढे अर्थ बदलत गेला. २००१ साली संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या केली, तीच आज प्रमाण मानली जाते : पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. या व्याख्येतील प्रत्येक शब्दाला वजन आहे. जंतू जिवंत हवेत, त्यांची संख्या पुरेशी हवी आणि लाभ सिद्ध झालेला हवा. दही उत्तम अन्न आहे. परंतु केवळ दही आहे म्हणून ते या व्याख्येत बसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक जंतू दुसऱ्या जंतूपासून प्राण्याचे रक्षण करतो, असे मानण्यास आधार काय?

या बाबतीतील एक पायाभूत प्रयोग अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात झाला. मरजोरी बोनहॉफ, बार्बरा ड्रेक आणि फिलिप मिलर यांनी तो १९५४ साली प्रसिद्ध केला. निरोगी उंदराला तोंडावाटे साल्मोनेला जंतू दिले, तर निम्म्या उंदरांना लागण होण्यासाठी सुमारे १,००,००० जंतू लागत. त्याच जातीच्या उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसीनची एक मोठी मात्रा तोंडावाटे दिली आणि मग त्या औषधाला न जुमानणारा साल्मोनेला दिला, तर १० हून कमी जंतू पुरेसे होत. उंदीर तेच, रोगजंतूही तोच. फरक झाला होता तो आतड्यातील मूळ रहिवाशांत. औषधाने ते मारले गेले आणि शत्रूला मोकळे रान मिळाले. बोनहॉफ आणि मिलर यांच्या पुढील संशोधनात, १९६४ पर्यंत, या रक्षणाचे एक कारणही पुढे आले. मोठ्या आतड्यातील प्राणवायूविना वाढणारे जंतू ॲसेटिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात आणि तेथील परिस्थितीत ती आम्ले साल्मोनेलाची वाढ रोखून धरतात.

प्रतिजैविक देताना आपण रोगजंतूला मारतो, त्याबरोबर राखणदारालाही मारतो, ही गोष्ट पशुवैद्यकाने सदैव ध्यानात ठेवावयास हवी. परंतु या प्रयोगातून राखणदार गेल्यास काय होते एवढेच कळले. बाहेरून राखणदार आणून बसविता येतो किंवा नाही, याचे उत्तर कोंबडीच्या पिल्लांनी दिले.

१९७१ साली फिनलंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस या जंतूचा मोठा फैलाव झाला. तेथील एस्को नुर्मी या पशुवैद्यकाने परिस्थितीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. पूर्वी पिल्लू आईच्या पंखाखाली वाढे, तिच्या विष्ठेतून तिच्या आतड्यातील जंतू त्याच्या पोटात जात आणि थोड्याच काळात तेथे पक्के ठाण मांडून बसत. यांत्रिक उबवणी केंद्रात अंडी स्वच्छ केली जातात आणि पिल्लाची आईशी कधी गाठच पडत नाही. त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते, आणि रिकाम्या घरात जो प्रथम शिरेल तो मालक होतो. नुर्मी आणि रांताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना तोंडावाटे दिले आणि मग त्यांना साल्मोनेलाचा संसर्ग घडविला. ज्या पिल्लांना हे द्रव्य मिळाले होते त्यांतील बहुसंख्य संसर्गापासून मुक्त राहिली. ज्यांना मिळाले नव्हते त्यांना लागण झाली. हा निबंध १९७३ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ही पद्धत नुर्मी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८७ पासून फिनलंडमध्ये या तत्त्वावर तयार केलेले मिश्रण बाजारात उपलब्ध झाले.

आपल्याकडे घाटावरून पेट्यांतून येणाऱ्या एक दिवसाच्या पिल्लांची स्थिती तीच असते; म्हणून या प्रयोगातील दोन बाबी कुक्कुटपालकांनी नीट समजून घ्याव्यात. पहिली बाब वेळेची. ही पद्धत प्रतिबंधाची आहे. साल्मोनेला एकदा ठाण मांडून बसल्यावर तेच मिश्रण फारसे काही करू शकत नाही. कोमट दुधात विरजण लावले तर दही लागते. दूध नासल्यावर त्यात कितीही विरजण घातले तरी उपयोग होत नाही. दुसरी बाब मिश्रणाची. प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील अनेक जातींच्या जंतूंचा समुदाय जे संरक्षण देतो, ते एकाच जातीच्या लॅक्टोबॅसिलसकडून पिल्लांना त्या प्रमाणात मिळत नाही. शेतकऱ्याने कोंबड्यांची विष्ठा पाण्यात कालवून पिल्लांना पाजावी, असा याचा अर्थ कोणीही काढू नये. त्या मिश्रणासाठी वापरलेले जंतू रोगमुक्त कळपातून घेऊन, तपासून, वाढविलेले असतात. घरच्या विष्ठेतून साल्मोनेला, कॉक्सिडिया आणि जंत यांचीच भेट पिल्लांना मिळेल.

यानंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे. उपकारक जंतू दिला आणि प्राणी वाचला, एवढ्यावरून त्या जंतूनेच त्याला वाचविले असे म्हणता येईल काय? कदाचित प्राणी तसाही वाचला असता. कदाचित जंतूसोबत दिलेल्या दुधाचा तो गुण असेल. याची शहानिशा कशी करावी, याचा वस्तुपाठ आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी २००७ साली घालून दिला.

त्यांचा शत्रू होता लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. शेळ्या-मेंढ्यांत चक्कर आणणारा आणि गर्भपात घडविणारा हा जंतू आपणांस परिचित आहे. माणसांत तो अन्नातून शिरतो आणि गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरतो. राखणदार होता लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियस या जातीचा यूसीसी-११८ हा वाण. हा वाण 'एबीपी-११८' नावाचे एक जंतुनाशक प्रथिन स्रवतो. अशा प्रथिनांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. उंदरांना हा वाण खाऊ घालून मग लिस्टेरियाचा संसर्ग घडविला, तेव्हा त्यांचे लक्षणीय संरक्षण झाले. सामान्य संशोधक येथे थांबला असता. कॉर्कच्या संशोधकांनी त्याच वाणात असा बदल केला की बाकी सर्व तसेच राहावे, मात्र ते प्रथिन तयार होऊ नये. हा निःशस्त्र वाण दिलेल्या उंदरांचे संरक्षण झाले नाही. त्यानंतर त्यांनी उलट दिशेने परीक्षा घेतली. प्रथिन तयार करणारा जंतू स्वतःच्या विषाने मरू नये म्हणून स्वतःजवळ एक संरक्षक प्रथिनही बाळगतो. ते संशोधकांनी लिस्टेरियाला दिले. आता मूळचा सशस्त्र वाण देऊनही उंदरांना संरक्षण मिळाले नाही. तलवार काढून घेतल्यावर संरक्षण गेले आणि शत्रूच्या हाती ढाल दिल्यावरही गेले. तेव्हा रक्षण त्या तलवारीनेच होत होते, याविषयी शंका उरली नाही.

आता कोणी म्हणेल, लॅक्टोबॅसिलस लिस्टेरियाला रोखतो हे सिद्ध झाले, मग कोणताही लॅक्टोबॅसिलस द्या. याच प्रयोगाने ते खोटे ठरविले आहे. मूळ वाण आणि निःशस्त्र वाण यांच्या जातीचे नाव एकच होते. एकाने उंदराचे रक्षण केले, दुसऱ्याने केले नाही. जातीचे नाव कुळासारखे असते. एका कुळातील सर्वांच्या अंगी एकच कसब असते असे नाही.

प्रत्येक राखणदाराचे शस्त्रही निराळे असते. २०११ साली जपानी संशोधकांनी जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांवर घातक ई. कोलाय ओ-१५७ याचा प्रयोग केला. बिफिडोबॅक्टेरियमच्या काही वाणांनी उंदीर वाचविले, काहींनी वाचविले नाहीत. विशेष म्हणजे वाचलेल्या उंदरांच्या आतड्यात रोगजंतूंची संख्या कमी झालेली नव्हती. संरक्षक वाण मोठ्या आतड्यात अधिक ॲसेटेट तयार करीत. त्यामुळे आतड्याचे अस्तर शाबूत राहून विष रक्तात उतरत नसे. २०१३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखविले की ई. कोलायचा 'निस्ले' हा निरुपद्रवी वाण उंदरांच्या आतड्यात साल्मोनेलाशी लोहासाठी स्पर्धा करतो आणि त्याची संख्या घटवितो. एक विष स्रवतो, दुसरा भिंत राखतो, तिसरा शत्रूची रसद तोडतो. म्हणून एका शत्रूविरुद्धचा पुरावा दुसऱ्या शत्रूविरुद्ध वापरता येत नाही.

आतापर्यंत मी मुख्यतः प्रतिबंधाविषयी बोललो. रोग जडल्यावर उपचार म्हणून जंतू देऊन गुण येतो काय? येतो, परंतु विशिष्ट परिस्थितीत. क्लोस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू प्रतिजैविकांच्या वापरानंतर आतड्यात माजतो. व्हँकोमायसीन दिले असता तो दबतो आणि औषध थांबताच पुन्हा डोके वर काढतो. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत ट्रेव्हर लॉली व सहकाऱ्यांनी हा उलटणारा आजार उंदरांत निर्माण केला. निरोगी उंदरांच्या विष्ठेतील जंतूंनी आजारी उंदीर बरे झाले. मग त्या समुदायातील जंतू वेगळे करून, निरनिराळी मिश्रणे तपासून, ६ जातींचे एक मिश्रण त्यांनी शोधून काढले. त्या मिश्रणाने रोग हटला आणि आतड्यातील जंतुसमाज पूर्ववत होऊ लागला. एकेकट्या जंतूने तो परिणाम साधला नाही. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील एका छोट्या चाचणीत निरोगी दात्याच्या विष्ठेतील जंतू दिलेल्या १६ रुग्णांपैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले. केवळ व्हँकोमायसीन घेतलेल्या १३ जणांपैकी ४ बरे झाले. या आजाराचे मूळ कारणच राखणदारांचा अभाव हे असल्यामुळे राखणदार परत आणणे हाच येथे उपचार ठरला. कोंबडीला पाश्चुरेला झाला असता किंवा गायीला कासदाह झाला असता तसे घडेल, असे यावरून मुळीच निघत नाही.

मित्रहो, आता या विषयाची दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात आतड्यातील जंतू बाहेर निसटून संसर्ग करतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरांत हा दाह निर्माण करून उपकारक जंतूंचे मिश्रण दिले. जंतूंचे निसटणे कमी झाले आणि प्राण्यांची प्रकृतीही सुधारली. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. याच सुमारास त्या देशातील रुग्णालयांत गंभीर रुग्णांवर ६ वाणांच्या मिश्रणाची चाचणी चालू होती. तिचा निकाल २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. संसर्गाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. मृत्यू मात्र, जंतू दिलेल्या १५२ रुग्णांत २४ आणि न दिलेल्या १४४ रुग्णांत ९ झाले. जंतू दिलेल्या गटात ९ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला. दुसऱ्या गटात तसे एकाच्याही बाबतीत घडले नाही.

उंदरावरील प्रयोग खोटा होता काय? नव्हता. परंतु प्रयोगातील प्राण्यांना जंतू देण्यास आजार निर्माण करण्याच्या आधीपासूनच सुरुवात झाली होती, आणि रुग्ण तर आजारी पडल्यावरच रुग्णालयात येतो. प्रयोगशाळेतील उंदीर एका वंशाचे, एका वयाचे, एकच खाद्य खाणारे असतात. संसर्गाचा दिवस आणि मात्रा प्रयोग करणाराच ठरवितो. उंदीर आपलीच विष्ठा खातात, त्यामुळे एकदा दिलेला जंतू पुनःपुन्हा पोटात जातो. यांपैकी एकही गोष्ट रुग्णशय्येवर वा आपल्या गोठ्यात नसते. प्रयोगातील प्राणी विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे हा वाचणाऱ्याचा दोष होय.

योग्य मार्गाने गेल्यास काय साधते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशाच्या ग्रामीण भागात पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी नवजात अर्भकांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा एक विशिष्ट वाण, त्याला पोषक अशा शर्करेसह, ७ दिवस दिला. तो अर्भकांच्या आतड्यात टिकतो हे आधी तपासून पाहिले होते. ४,५५६ अर्भकांच्या या चाचणीत रक्तदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९.० टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. येथे वाण ठरलेला होता, वेळ ठरलेली होती आणि तुलनेसाठी दुसरा गट होता. फिनलंडच्या पिल्लांप्रमाणेच येथेही राखणदार शत्रूच्या आधी पोहोचला.

तेव्हा पशुपालकाने डबा पुढे केल्यावर आपण काय विचारावे? त्यात जिवाणूची केवळ जात दिली आहे की वाणाचा क्रमांकही आहे? मुदत संपण्याच्या दिवशी त्यात किती जिवंत जंतू असतील, याची हमी आहे काय? कोणत्या रोगजंतूविरुद्ध, कोणत्या प्राण्यात आणि संसर्गाच्या आधी की नंतर, याचा पुरावा आहे? त्या वाणात प्रतिजैविकांना दाद न देणारे आणि इतर जंतूंना देता येणारे गुणधर्म नाहीत, हे तपासले आहे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी माणसांच्या अन्नातील प्रोबायोटिकविषयी २०११ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही वाणाची नेमकी ओळख, सुरक्षितता आणि जिवंत जंतूंची संख्या यांवर भर आहे. तीच कसोटी आपण जनावरांसाठी लावल्यास काही बिघडणार नाही.

वापरतानाही काही पथ्ये आहेत. क्लोरीन घातलेल्या पाण्यात जिवंत जंतू टिकत नाहीत. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत महिनाभर पडलेल्या डब्यात केवळ पूडच उरते. एका हाताने पाण्यातून प्रतिजैविक आणि दुसऱ्या हाताने त्याच औषधाने मरणारे जंतू देणे म्हणजे पैसा पाण्यात घालविणे होय. आणि ताप आलेल्या, मान टाकलेल्या जनावराला पावडर देऊन वाट पाहत बसू नये. प्रथम निदान, मग उपचार. लसीकरण, कोरडी गादी आणि स्वच्छ पाणी यांची जागा कोणतीही पावडर घेऊ शकत नाही.

हे सर्व असूनही या मार्गाकडे पाठ फिरविणे आपणांस परवडणारे नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देणे २००६ पासून बंद केले. माणसांसाठी राखून ठेवावे असे कोलिस्टिन हे औषध अन्नोपयोगी जनावरांना देण्यास आपल्या केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली. ज्या आधारावर आपण आजवर विसंबून होतो तो हळूहळू काढून घेतला जात आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच्या जागी काय ठेवावयाचे, हे आपणच पारखून घेतले पाहिजे.

त्यासाठी माझी एक सूचना आहे. पुढची खेप आल्यावर कुक्कुटपालकाने पिल्लांचे दोन सारखे गट करावेत. एका गटाला पहिल्या दिवसापासून निवडलेले मिश्रण द्यावे, दुसऱ्याला देऊ नये. बाकी खाद्य, पाणी, लस सर्व सारखे ठेवावे. दोन्ही गट वेगळ्या कप्प्यांत ठेवावेत आणि भांडी व पादत्राणेही वेगळी वापरावीत. नाहीतर एका गटाचे जंतू दुसऱ्यात जाऊन तुलनाच निरर्थक होईल. रोजची मर, आठवड्याचे वजन आणि वापरलेले औषध वहीत लिहावे, आणि जवळच्या पशुवैद्यकाने ती वही पाहावी. एका खेपेवरून निष्कर्ष काढू नये. निरनिराळ्या ठिकाणच्या आणि ऋतूंतल्या अनेक खेपा एकत्र पाहिल्यावरच काही म्हणता येईल.

प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांना विनाकारण वेदना होऊ नयेत, म्हणून आपल्याकडे १९६० चा कायदा आणि त्याखालील समितीची देखरेख आहे. आज मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट अशा अनेक मुक्या प्राण्यांचे मोल देऊन माणसाने मिळविली आहे. त्यांनी जे सांगितले ते तेवढेच, आणि नेमके, वाचणे एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.